हळद लागली म्हणून परत आलेल्या चाळीस प्रती

प्रति,
मा. ग्रंथनिवड अधिकारी,
विभागीय वाचनालय मंडळ,
नरसीपेट.

विषय : ‘सीताकल्याणम् व इतर हरिकथा’ या पुस्तकाच्या चाळीस प्रती ‘मळकट व वापरलेल्या’ ठरवून परत केल्याबद्दल.

संदर्भ : आपले पत्र क्र. २१७, दि. २७ फेब्रुवारी.

महोदय,

१. मी खाली सही करणार, कोत्तलंका येथील श्री भावनारायण मुद्रणालयाचा मालक, जुळारी आणि हमाल, सगळं एकच. आमच्या गावचे हरिदास मुसुनूरी लक्ष्मय्या दासुगारू, वय चौऱ्याऐंशी, यांच्या हरिकथांचं पुस्तक मी छापलं. आपण ते परत केलंत. पत्र वाचून मला राग आला. तो अजून आहे, म्हणून अर्ज जरा लांबेल.

२. थोडी आडकथा सांगतो, मूळ पदावर लगेच येतो. हे पुस्तक लिहून घ्यायला सात वर्षं लागली. दासुगारूंना बसून सांगता येत नाही. पायात चाळ, हातात चिपळ्या असल्या तरच कथा तोंडातून निघते. मी मागे मागे वही घेऊन फिरायचो. खिळे जुळवून प्रूफ वाचून दाखवावं, तर म्हणायचे, “काल गायलो ते काल. आज सीता निराळी रडतेय, घे लिहून.” तीन वेळा पानं मोडली. दोनदा मीच म्हणालो, पुरे झालं. पण त्यांनी सीतेची पाठवणी गायली की माझा हात आपोआप वहीकडे जायचा. मधल्या काळात त्यांची दृष्टी गेली. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलेलं नाही.

३. आता हळद. पहिल्या प्रतीच्या चारी कोपऱ्यांना ओली हळद लावून ती देवापुढे ठेवायची, ही आपल्याकडची रीत. आपणही इथलेच, वेगळं सांगायला नको. ती प्रत दासुगारूंच्या हाती दिली. त्यांनी नाकाशी धरली आणि म्हणाले, “आत्ता कळलं पुस्तक झालं. पण एकीलाच हळद? बाकीची लेकरं काय पोरकी?” झालं. त्यांच्या पत्नी शेषमांबागारू आणि माझी मंडळी दोन दिवस मांडी घालून बसल्या आणि तीनशे प्रतींना हळद लावली. अकरा प्रतींची पहिली पानं चिकटली. ती चूक माझी, त्या मी पाठवल्याच नाहीत.

४. मी प्रती परत न्यायला आपल्या दफ्तरात आलो, तेव्हा आपले लेखनिक अप्पलराजूगारू यांनी माझ्यासमोर प्रत्येक प्रत उचलली, दोन्ही डोळ्यांना लावली, आणि मग तिच्यावर ‘मळकट’ असा शिक्का मारला. चाळीस वेळा. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, “मी काय करू हो कामेश्वरमगारू? छापील नमुन्यात ‘डाग’ असा रकाना आहे. ‘हळद’ असा नाही.”

५. नंतर आपली भेट घेतली. गेल्या माघात आपल्या कन्येच्या लग्नपत्रिका माझ्याच यंत्रावर निघाल्या, याची नम्र आठवण दिली. तेव्हा आपण स्वतः म्हणाला होतात, “हळद तुमच्या घरच्या बायकांच्याच हातची लावा, शुभ असते.” सहाशे पत्रिकांना लावली. एकही मळकट म्हणून परत आली नाही. यावर आपण उत्तर दिलंत, “ते लग्न होतं. हे दफ्तर आहे.” आपल्या दफ्तराच्या उंबऱ्याला दर शुक्रवारी हळद कोण फासतं, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं. ते या अर्जाने विचारतो.

६. निवड एकतीस मार्चला बंद होते. पुढची तीन वर्षांनी. दासुगारूंचं वय वर दिलेलंच आहे. शेषमांबागारू त्यांना हाताला धरून रोज गावच्या वाचनालयात नेतात. ते दारातूनच विचारतात, “आलं का आमचं पुस्तक?” ग्रंथपाल सांगतो, “वाटेत आहे, तातगारू.” महोदय, हे खोटं त्या बिचाऱ्याला आपल्यासाठी बोलावं लागतं. पुस्तक माझ्या कपाटात आहे, कपाळावर आपला शिक्का घेऊन.

७. सबब मागणी एकच. येत्या शुक्रवारी, १५ मार्चला, सकाळी अकरा वाजता मी दासुगारू आणि शेषमांबागारूंना घेऊन आपल्या टेबलापुढे हजर होईन. हळद हा डाग असेल, तर एका प्रतीवरची हळद आपण स्वतःच्या हाताने, त्या सवाष्ण माउलीच्या देखत पुसून दाखवावी. पुसलीत, तर बाकीच्या एकोणचाळीस मी घरी जाऊन पुसतो आणि पुन्हा या पायरीवर येत नाही. हात उचलला नाही, तर त्याच टेबलावर शिक्का रद्द करून पुस्तक चाळीसही वाचनालयांत पाठवावं. दासुगारूंना काय चाललंय ते दिसणार नाही. पण हळदीचा वास त्यांना येतो.

भावनारायण आपल्या घराला सुखी ठेवो. हे मी रागातही मनापासून लिहितो.

आपल्या घरच्या कार्याची हळद लावलेला,
गोटेटी कामेश्वरम
कोत्तलंका, दि. १२ मार्च २०१९

सोबत :
(१) पुस्तकाची प्रत, एक. चारी कोपरे तपासून घ्यावेत.
(२) आपल्या कन्येची लग्नपत्रिका, उरलेली, एक. हळदीसह.
(३) स्वच्छ फडकं, एक. ओलं करून घ्यावं.