केंद्रकात गेलेलं प्रथिन

कलकत्ता, १४ नोव्हेंबर १९७२

आज सरांच्या शोधनिबंधातून माझं नाव गेलं. मीच काढायला लावलं. बरोबर केलं का?

निबंधात म्हटलंय, की उंदरांना हार्मोन दिलं की ते पकडणारं प्रथिन पेशीत नष्ट होतं आणि वाढीचा संदेश थांबतो. पण आम्ही पेशी वाटून फक्त वरचा द्रव तपासत होतो. तळाशी बसलेला केंद्रकांचा गाळ फेकून देत होतो. आज मी तो गाळही तपासला. प्रथिन तिथे होतं, जवळजवळ सगळं. नष्ट कुठे झालं? हार्मोन घेऊन केंद्रकात शिरलं होतं. वाढीचा हुकूम तिथूनच सुटत असणार. बाहेर असतं तोवर गप्प.

सरांना आकडे दाखवले. ते शांतपणे म्हणाले, "निबंध आज टपालात पडायचाय, मिसेस लेले. गाळाचं नंतर बघू."

"मग माझं नाव नको, सर."

त्यांनी पेन उघडलं आणि माझ्यादेखत नाव खोडलं. मग निबंध पाकिटात घातला.

बालीगंजला घरी आल्यावर यांना सांगितलं. "जरा थांबायचं होतंस," हे म्हणाले. "तुझी शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात आहे."

खरंच आहे. तो गाळ नेहमीसारखा फेकला असता तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. उद्या सर प्रयोगशाळेत काम करू देतील की नाही, ठाऊक नाही. मी मात्र जाणार आहे.