दहा तारा, तीन पेडल

६ फेब्रुवारी १९७७, रविवार

लाल! चकचकीत लाल! ओमती बाजारात जुन्या सामानाच्या दुकानात दारातच मांडली होती – चार पायांवर, टेबलासारखी. ही स्टील गिटार मांडीवर घ्यायची नाही, तिच्यासमोर बसायचं. डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारांवरून सरकवायची. पायानं पेडल दाबलं की सूर वर चढतो. नाताळात रेल्वेच्या क्लबात ऐकली तेव्हापासून डोक्यातून जात नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी!

ऑफिसात फक्त शैलेंद्रला सांगितलं होतं. शेजारच्या टेबलावर बसतो, साधी गिटार वाजवतो. म्हणाला, "भैया, नई तो भूल जाओ. पुरानी लो. पर चमक मत देखना, पेडल देखना."

पेडल पाहिले. तिन्ही हलतात. पुढच्या रविवारी घेणार!

शरयूला सांगितलं. पोळ्या लाटत होती. "अच्छा," म्हणाली. बस्स.

९ फेब्रुवारी

शरयू म्हणते, मीही येते. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायचंय, तसंच पुढे ओमतीला जाऊ. मी म्हटलं, चल. तुला त्यातलं काय कळणार, पण चल.

१३ फेब्रुवारी, रविवार

दोघं ओमतीला गेलो.

दुकानदार म्हणत होता, "साहब, एकदम मस्त पीस." मी खिशात हात घातला. शरयू म्हणाली – "थांबा."

कापडाची पिशवी माझ्याकडे दिली. स्टुलावर बसली. दुकानदाराकडून कांडी मागून घेतली – आणि अशी धरली, जशी घरात उलथनं धरते! एक तार छेडली. पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा छेडली. तीनदा.

"सूर परत येऊन नाही राहिला," म्हणाली. "पेडल सोडलं की तार जागेवर यायला पाहिजे. ही वरच राहते. घेऊ नका."

दुकानदाराचा आ वासलेला. माझाही!

"बहनजी बजाती हैं क्या?"

"बजाती थी."

बजाती थी!! बावीस वर्षांत या बाईनं घरात साधं गुणगुणलेलं मला आठवत नाही. भिलाईला दिलेल्या आमच्या प्रतिमालाही हे माहीत नसणार – पोटच्या मुलीला!

रिक्षात विचारलं, "काहून नाही सांगितलं?"

"अशी पेडलवाली नव्हती माझी. साधी, मांडीवरची. अमरावतीला इंदूताईंकडे सात वर्षं शिकले."

१४ फेब्रुवारी

आज जेवताना पुन्हा विचारलं. सोडली कशाला?

"तुम्ही बघायला आलात ना, तेव्हा बाबांनी कौतुकानं गिटार बाहेर काढून ठेवली होती. तुम्हीच म्हणालात – आमच्या घरी गाणंबजावणं चालत नाही, ही इथंच राहू द्या."

मी? मी म्हणालो?

त्या दिवसाचे पोहे आठवतात. तिची मोरपंखी साडी आठवते. हे नाही. जिवाचा आटापिटा केला, नाहीच.

"मला नाही आठवत," म्हटलं.

"मला आठवतं," म्हणाली, आणि भात वाढला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी

ऑफिसात एकच पत्र दोनदा टाइप केलं.

२० फेब्रुवारी, रविवार

शैलेंद्रनं पत्ता काढला. रेल्वे कॉलनीतली एक म्हातारी मेमसाब, गार्डची विधवा. नवऱ्याची गिटार चादरीखाली झाकलेली. तपकिरी, रंग उडालेली. एक पाय दुसऱ्याच कशाचा तरी लावलेला. एकटा गेलो असतो तर दारातूनच परत फिरलो असतो.

या वेळी मी भिंतीला टेकून उभा. पाहणं तिचं.

तिन्ही पेडल, दहाही तारा, एकेक करून. प्रत्येक सूर जागेवर परत. मग वाजवायला लागली. चार-पाच मिनिटं असतील. मधे एकदा कांडी घसरली, कर्कश आवाज झाला – आणि शरयू हसली. हे हसू मी पाहिलेलं नाही. कधीच नाही!

मेमसाब म्हणाली, "पैसा जो देना है दे दो. बस, बंद मत रखना."

घेतली. कोणासाठी घेतली, ते दोघंही बोललो नाही.

२१ फेब्रुवारी

तिनं अमरावतीला पत्र टाकलं. पोस्टात स्वतः गेली.

२४ फेब्रुवारी

मला शिकवते! "मनगट ढिलं सोडा. एवढं आवळता काहून?" माझ्या हातून मांजर भांडल्यासारखा आवाज निघतो. चार दिवसांत मला एक सरळ सूर आला नाही, तिला पायाचं सगळं जमलं. शेजारच्या नर्मदाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहतात. परवा म्हणाल्या, "रेडिओ चांगला घेतला हो भाऊजी."

१ मार्च

इंदूताईंचं उत्तर आलं. शरयूनं मोठ्यानं वाचून दाखवलं – "ये. आता माझ्यानं वर्ग होत नाही. मुली येऊन परत जातात."

तिनं पत्राची घडी केली. "शनिवारी निघते," म्हणाली.

५ मार्च

अमरावतीला जायला शरयूला इटारसीच्या गाडीत बसवून आलो. गिटारचे पाय काढून पेटीत घातले, पेटी तिच्या सीटखाली. परतीचं तिकीट काढून ठेवू का, विचारलं.

"पाहू," म्हणाली.