बाबा आणि एकतीस नंबरची खोली

४ मार्च, सोमवार

बाबा जाऊन नऊ दिवस झाले. सकाळी त्यांच्या हॉटेलच्या मॅनेजरचा फोन — रविवारी शोकसभा आहे, मुलगी म्हणून तुम्ही दहा मिनिटं बोला. हो म्हणून बसले. आता कागद पुढ्यात आणि डोकं रिकामं.

अडतीस वर्षं हॉटेलात. आधी खोल्या आवरायचे, मग अख्खा तिसरा मजला त्यांच्याकडे. घरीसुद्धा चादर इतकी ताणून घालायचे की पाय आत सरकवायला झटापट करावी लागे. आई म्हणायची, "माणसं झोपणार आहेत इथे, पाकिटं नाहीत." हे सांगू सभेत?

आणि कड्या. आमच्या घरात एकाही खोलीला आतून कडी नाही. बाबांनीच सुताराकडून काढून घेतल्या. कॉलेजात असताना मी भांडले होते, निदान माझ्या खोलीला तरी लावा. "दार वाजवून येईन. पण कडी नाही." आवाज चढला नव्हता त्यांचा.

५ मार्च, मंगळवार

हॉटेलात गेले. आयुष्यात पहिल्यांदा! बाबा कधी नेतच नसत — "कामाच्या जागी घरचं माणूस नको."

खाली लॉन्ड्रीत एक म्हाताऱ्या मावशी इस्त्री करत होत्या. बाबांच्याच वर्षी कामाला लागलेल्या. मला पाहून इस्त्री उभी करून ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

मग म्हणाल्या, "तुझ्या बाबाला कळायचं."

काय?

"कोण पाहुणा परत न जायचं ठरवून आलाय ते. नवीन माणूस वर निघाला की हा जिन्याशी कान देऊन उभा. म्हणायचा, असा माणूस चढताना पायरी वाजत नाही."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"मग चहाचा ट्रे उचलायचा आणि वर जायचा. त्याला अडवायची कुणाची टाप नव्हती."

६ मार्च

काल लिहायचं राहिलं. जिना लाकडी आहे. मी मुद्दाम चढून पाहिलं. प्रत्येक पायरी करकरते. प्रत्येक.

७ मार्च, गुरुवार

पेपरातला बाबांचा फोटो पाहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन. वय सत्तरच्या पुढे. म्हणाले, "तिसाव्या वर्षी मी त्या हॉटेलात मरायला गेलो होतो." इतकं सरळ. बाबा चहा घेऊन आले, नळ गळतोय म्हणाले, पाना घेऊन न्हाणीघरात बसले. चार तास! "मला बॅटरी धरायला लावली. इकडे धरा, जरा वर धरा, अहो हलवू नका. नळ ठणठणीत होता हो. चार तासांनी मला इतकी भूक लागली की मी खाली जेवायला गेलो."

फोन ठेवल्यावर किती तरी वेळ रडले. बाबांना साधा बल्ब बदलता येत नसे.

८ मार्च, शुक्रवार

मॅनेजर म्हणाले, एकतीस नंबर पाहून घ्या. ती खोली देत नाहीत कुणाला. बाबा रिटायर झाल्यावरही दर मंगळवारी येऊन स्वतः झाडायचे.

भर दुपार. खिडकीतून लख्ख ऊन. चादर ताणलेली, त्यांच्याच हातची असावी. मी पलंगाच्या कडेला बसले. मॅनेजर फोन घ्यायला बाहेर गेले.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. मॅनेजर हाका मारत होते तेव्हा मी कपाट आणि भिंत यांच्यातल्या सांदीत होते. जमिनीवर, गुडघे छातीशी. तिथे कधी गेले? कशी मावले? आणि खरं सांगायचं तर — बाहेर यायचं नव्हतं मला. कुणीतरी "गप्प बस हं राणी, हलू नकोस" म्हटल्यासारखं वाटत होतं. आवाज बाईचा. आईचा नाही.

९ मार्च, शनिवार

पुन्हा मावशींकडे. चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोघींनी घडी घातली. "एकदाच उशीर झाला त्याला," त्या म्हणाल्या. "एकतीसमध्ये. एक बाई होती. तो ट्रे घेऊन पोचला तर आतून कडी; दार तोडलं तोवर ती गेली होती. त्या दिवसापासून आतल्या कडीचा धसका घेतला त्याने."

कोण होती? मावशींनी घडी छातीशी धरली. "आईला विचार."

विचारलं. आई बाबांचे शर्ट आवरत होती. त्याच त्याच शर्टांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

१० मार्च, रविवार

सभेला निघताना, एक चप्पल पायात असताना, आई बोलली. ती बाई एकटी आली नव्हती. दोन वर्षांची मुलगी होती बरोबर. मुलीला न्यायला तिचं म्हणून कुणीच आलं नाही. बाबांनी दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि मुलीला घरी आणलं.

उशीर झाला तो त्या बाईपुरता. माझ्यापर्यंत ते वेळेत पोचले.