'मले'-मुक्त नववी

१ जुलै, दर्यापूर
शाळेत मराठी तपासणारं एआय ॲप आलं. निबंध तपासतं, बोलणंही तपासतं. ऑगस्टमध्ये अमरावतीला प्रात्यक्षिक. जो शिक्षक चमकेल तो विभागाचा मास्टर ट्रेनर. म्हणजे मीच. स्पर्धेत फक्त ज्योत्स्ना मॅडम, पण त्या वर्गात वऱ्हाडी चालवून घेतात. संकल्प: नववी ब 'मले'-मुक्त करणे. बी.एड. झाल्यापासून माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'मले' निघालेलं नाही.

४ जुलै
जोरात कामाला लागून राहिलो. नववी ब मधल्या खुशी नावाच्या मुलीने निबंधात 'मले ताप आला होता' लिहिलं. ॲपने लाल केलं, मी वरून आणखी लाल केलं. म्हणते, "पण सर, ताप तर मलेच आला होता ना." उद्धट पोरगी.

१९ जुलै
ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, पोरांना आधी बोलू द्या, भाषा मग सुधारता येते. नववी ब आता वर्गात काहीच बोलत नाही. त्यामुळे चुका नाहीत. ॲपवर माझा आलेख चढून राहिला. हेडमास्तर सूर्यभान सर खूश.

६ ऑगस्ट
शैलाला प्रात्यक्षिकाचं भाषण ऐकवलं. म्हणाली, "भाषण चांगलं हाये, पण ॲपले एकदा तुमचंच ऐकवून पाहा ना." बायकोला टेक्नॉलॉजी समजत नाही. ॲप मुलांसाठी आहे.

८ ऑगस्ट, अमरावती
मुलं स्टेजवर गप्प उभी. साहेब लोक वाट पाहून राहिले. शेवटी मी माइक घेतला. ॲप सुरूच होईना. मी अत्यंत संयमाने म्हणालो, "काहून चालून नाई राहिलं बे हे?" ते आधीच सुरू झालेलं होतं. पडद्यावर अख्खं वाक्य लाल. 'काहून'ऐवजी 'का'. 'चालून नाई राहिलं'ऐवजी 'चालत नाही'. 'बे' वगळा. खाली शिफारस: वक्त्याला कच्च्या विद्यार्थ्यांच्या उपचारात्मक वर्गात बसवावे. हॉल हसला. सगळ्यात आधी खुशी. महिनाभरात पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. फार वाईट वाटलं. चूक माइकची, हलक्या प्रतीचा होता.

१४ ऑगस्ट
मास्टर ट्रेनर ज्योत्स्ना मॅडम. राजकारण, दुसरं काय!
पण ॲप कंपनीचा फोन मला आला. त्यांना ॲपला वऱ्हाडी शिकवायची आहे, आणि म्हणे इतका अस्सल वऱ्हाडी आवाज अख्ख्या विभागात सापडला नाही. मी ठणकावलं, "गैरसमज आहे. मी लहानपणापासून प्रमाण मराठीच बोलून राहिलो."
पलीकडचा माणूस हरखला. म्हणाला, "वा सर! हेच वाक्य परत म्हणा, रेकॉर्ड करतो."
म्हटलं परत. एका टेकमध्ये ओके झालं.