आबांनी परत न आणलेली बंदूक

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्याशी भांडायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून कधी लिहावंसंही वाटलं नाही. पण परवा भर सभेत मी तुमचं नाव काढलं, तेही दादानं काढू नको म्हणून बजावलेलं असताना. ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आपलं मांजरी गाव आता पुणे शहरात आलं. उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, भावकीच्या हातात पैसा आला, पैशापाठोपाठ गाड्या आल्या आणि गाड्यांपाठोपाठ कमरेला पिस्तुलं आली. पूर्वी सोयरिक ठरवताना पोराची शेती विचारायचे, आता नजर आधी कमरेकडे जाते. गेल्या लग्नसराईत एका वरातीत कुणीतरी हौसेनं हवेत गोळी झाडली आणि ती बँडवाल्याच्या खांद्यात घुसली. माणूस वाचला, पण त्या हाताला आता ट्रम्पेट पेलत नाही. असले प्रकार थांबवायला काय करावं, यासाठी पोलिसांनी गावच्या मंगल कार्यालयात सभा बोलावली. वकील म्हणून मलाही बोलावणं होतं. आणि नेमका त्याच सुमारास दादाच्या पोरानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केलेला. आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आला. ‘‘तू कायद्याचं काय ते बोल. आबांचं काढू नको. पोराच्या कामात खोडा नको.’’ सभेसाठी कसबा पेठेतल्या घरून निघाले तेव्हा डोक्यात कायदा नव्हताच. आई नाही, तुम्ही नाही, माहेर म्हणून एक दादाच उरलाय. तो तुटला तर भाऊबीजेला मी कुणाच्या दारात जायचं, एवढंच मनात घोळत होतं.

सभा गाजली. नव्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘सरसकट सगळ्यांचे लायसन्स कॅन्सल करा, विषय संपला.’’ त्यावर आपल्या भावकीतले एक काका उठले. ‘‘तुमचा विषय संपला, सायेब. माझ्या जमिनीवर कोर्टात दावा हाय, दारात येऊन धमक्या देत्यात. तुमचा वॉचमन पाठवताय का राखनीला?’’ लोक हसले, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुणी म्हणालं, खरा धोका चोरून आलेल्या गावठी कट्ट्यांचा आहे, ते पकडा. परवानावाल्यांच्या मागं कशाला लागता? तेही खरंच होतं. मग एकजण छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘परवानावाल्याच्या हातनं चूक हुतच न्हाय.’’ समोर दादा मान डोलावत होता. तिथं मात्र माझ्यानं गप्प बसवेना.

कारण मला लहानपणची ती खंडेनवमी दिसत होती. घराच्या सोप्यात पाटावर विळे, कोयती, पाभरीचे फण मांडलेत, झेंडूच्या माळा आहेत. उसातली रानडुकरं हाकायला घेतलेली एक नळीची बंदूक तुम्ही मांडीवर घेऊन फडक्यानं पुसताय. आदल्या रात्री राखणीवरून आलात, तेव्हा ती तशीच खुंटीला टांगली होतीत. दादा कुंकवाची वाटी घेऊन पुढ्यात बसलाय, आई नैवेद्याचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. आणि बार उडाला. छर्रे दादाच्या डोक्यावरून पत्र्यात गेले. ताट खाली पडलं, आई दादाच्या अंगावर पडली आणि मी कानांवर हात ठेवून किंचाळत राहिले. गल्ली धावून आली. सणाचे दिवस होते, फटाका म्हणाला असतात तरी खपलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘‘फटाका न्हवं. बंदूक उडाली. काडतूस काढायचं इसरलो, चूक माझी हाय.’’ एवढं बोलून तुम्ही सगळ्यांसमोर रडलात. बाप रडताना मी पहिल्यांदा पाहिला.

पुढं निवडणूक आली, नियमाप्रमाणे सगळ्यांनी हत्यारं ठाण्यात जमा केली. निकाल लागल्यावर सगळे आणायला गेले, तुम्ही गेला नाहीत. हवालदार घरी विचारायला आले तेव्हा तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, ‘‘ऱ्हाऊ द्या तिकडंच. तुमच्याकडं कुलूप हाय, माझ्याकडं पोरं हायती.’’ परवानाही परत केलात. भावकीनं विचारलं, बांगड्या कुठल्या रंगाच्या आणू? तुम्ही हसलात आणि त्या रात्रीपासून डबा बडवत राखण केलीत. डुकरं काही तुम्हाला फार घाबरली नाहीत, ऊस थोडा गेला. आम्ही राहिलो. तेव्हा आभार मानायची अक्कल नव्हती, आता आहे.

हे सगळं मी सभेत सांगितलं. माझा बाप गावात सगळ्यांत जपून वागणारा होता, त्याच्या हातून हे झालं, आणि त्यानंतर तो घाबरला, असंच म्हणाले. मग म्हटलं, चोरटी हत्यारं पकडाच, पण परवाना देताना चालवायची परीक्षा घ्या, घरी कुलपाची पेटी आहे का ते येऊन बघा, वरातीत हत्यार दिसलं की परवाना गेलाच समजा. आणि घरातल्या बाईला एकदा विचारा, ही वस्तू घरात हवी का. शेवटच्या मुद्द्यावर पुरुष हसले, मागच्या रांगेतल्या बायका हसल्या नाहीत. पोलीस साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, कायद्यात तसं नाही. पण वर कळवतो.’’ दादा मधूनच उठून गेला.

आठवड्यानं त्याचा पोरगा एकटाच माझ्याकडे आला. जेवला, ताट उचललं, मग म्हणाला, ‘‘आत्या, बाबांच्या डोक्यावरून गोळी गेली होती? मला ते सांगतात की आबांनी बंदुकीनं वाघ पळवला होता.’’ मी म्हटलं, ‘‘वाघ नव्हता रे. तुझा बाप होता समोर.’’ तो बराच वेळ नळाखाली हात धूत राहिला. अर्ज मागे घेतला की नाही, मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

दादाचा अजून फोन नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, त्यामुळे इथंच ठेवते. एक मात्र कबूल करते, आबा. लोक म्हणतात, बाई गावासाठी उभी राहिली. गाव माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी दादाच्या त्या एका पोरासाठी बोलत होते.