दादाचं ठरेपर्यंत

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागद खर्ची घालते आहे. आमच्या बोलक्या वाचनालयातल्या सर्व्हरच्या जुन्या सिस्टिमला आता कोणी वाली उरलेला नाही. फुकट मिळणारी नवी घालायची आहे. दुकानदार लिनक्स म्हणतो. पण तू जन्मभर सर्व्हर सांभाळलेस, तेव्हा तुला विचारल्याशिवाय मी कशाला हात लावणार नाही.

घाई एवढ्यासाठी की डिस्क टकटक करते आहे. आईने अंधांसाठी वाचलेली सगळी पुस्तकं तिच्यावरच आहेत, आणि घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज तेवढाच उरला आहे. एक कोरी डिस्क आणली आहे. तिच्यावर कॉपी करून ठेवू का?

लोभ आहेच, निर्णयही लवकर असावा.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. दुकानदाराचं ऐकशील तर याद राख! लिनक्स वाईट नाही, पण त्याचे पन्नास प्रकार आणि प्रत्येकाचे वेगळे भक्त. फ्रीबीएसडी ही दुसरी फुकट सिस्टिम एकाच हाताने शिवल्यासारखी आहे. तिची बहीण ओपनबीएसडी जास्त कडेकोट, पण तुमच्या नेटवर्क कार्डाशी तिचं जमेल का, ते बघतो आहे. मॅन्युअलं छापून घेतली, सहाशे पानं झाली.

कोरी डिस्क कोरीच ठेव. फाइली कशा मांडायच्या हे सिस्टिमवर ठरतं. आता कॉपी केलीस तर पुन्हा पुसावी लागेल, आणि दुहेरी काम मला खपत नाही. आमच्या ऑफिसातली एक डिस्क चार वर्षं टकटकत होती.

माया आहे म्हणूनच ओरडतो.

दादा

२७ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. फ्रीबीएसडी घाल, असं तुझं पोस्टकार्ड सोमवारी आलं. त्याआधीच्या गुरुवारी डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवली. आतली तबकडी खरवडली गेली आहे, काही निघणार नाही म्हणाला.

तरी तू सांगितलंस तसं कोऱ्या डिस्कवर केलं. अर्ध्या तासात झालं. तुझी निवड खरंच चांगली आहे, वाचनालयाच्या तिन्ही खोल्यांतली ऐकायची यंत्रं लगेच जोडली गेली. त्यांवर ऐकायला काही नाही, एवढंच. तुझा फार राग आला होता. आता माझाच येतो. कॉपीला एक दुपार पुरली असती, आणि मी विचारत बसले.

आईला सांगायचा धीर होत नाही. ती रोज पाटीवर लिहून विचारायची, दादाचं ठरलं का. आज सकाळी मी हो म्हटलं. तिने केस विंचरले, चांगली साडी नेसली आणि माझ्याबरोबर वाचनालयात आली. शेजारच्या खोलीत कानांना हेडफोन लावून बसली आहे, केव्हाची.

लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी