मुळांवरच्या गाठी

नातीच्या आजोबांना नमस्कार.

मी इथं नातीच्या नोकरीच्या गावी बरी आहे. इथलं पाणी मचूळ आहे, पण चालतंय. तुमचा गुडघा कसा आहे, ते खरं कळवा.

गेल्या साली मुगाच्या मुळांवर गाठी दिसल्या, तर रोग समजून तुम्ही अख्खी ओळ उपटलीत. आपली नात तसलीच गाठ फोडून इथल्या शेतकऱ्यांना दाखवते. आत गुलाबी निघाली की झाड हवेतलं खत मातीत घालतंय, म्हणते. मोठमोठे मिशीवाले गुमान ऐकतात. मी मागे बसून मिरवते.

तुम्ही विकायला काढलेलं वरचं कोरडवाहू रान तिला पेरायला हवंय. ते विकू नका. सोबत जिवाणूखताची पुडी धाडलीय. बियाण्याला चोळा, सावलीतच वाळवा; उन्हात त्यातले जिवाणू मरतात.

आणि उपटायला हात शिवशिवले, तर खिशात घाला.

तुमची, सध्या लांब असलेली,
कटकट